तेलावांचून चालणारी तर

माल पिकविणें ही एक विद्या आहे व तो वेळेवर बाजारांत पोहोंचविणें ही दुसरी. पहिल्या विद्येविषयीं या मासिकांत दरमहा पुष्कळ लिहिलें जातें. दुसरीविषयीं मात्र आपण कास्तकार लोक फारसा विचार करीत नाहीं. त्यांतून ज्यांच्या जमिनी खाडीच्या कांठीं आहेत, त्यांचा माल रस्त्यास लागण्यापूर्वीं पाण्यावरून जातो. आंबा, नारळ, सुपारी, भात, भाजीपाला, सर्व कांहीं तरींत चढवून पलीकडे उतरवावें लागतें. शाळेंत जाणारीं मुलें, दवाखान्यांत न्यावयाचा आजारी, कचेरींत सात-बाराचा उतारा आणावयास निघालेला म्हातारा, हे सगळे तरीच्याच भरंवशावर असतात. तर चालली तर गांव चालला, असें खाडीकांठीं म्हणावयास हरकत नाहीं.

प्रस्तुत लेखकाचीं उमेदीचीं वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत गेलीं. त्यांपैकीं कांहीं वर्षें खाडीकांठच्या एका तालुक्याच्या कचेरींत काढलीं असल्यामुळें तरीच्या मक्त्याचे कागद हाताखालून गेले आहेत. मुंबई इलाख्यांत १८६८ सालीं तरींसंबंधीं जो कायदा झाला, त्याच्या आधारें सार्वजनिक तरी मक्त्यानें देण्याची वहिवाट पडली. बोली झाली, अनामत भरली, करारावर सह्या झाल्या, कीं आमचें काम संपे. बोटीच्या पोटांत काय जळतें, त्याचा धूर कोणाच्या नाकांत जातो व खर्च अखेरीस कोणाच्या खिशांतून निघतो, हा विचार कागदांत कोठेंच नसे. तो विचार मला एका वैशाखांत करावा लागला.

त्या दिवशीं मी सरकारी कामानें खाडीपार निघालों होतों. बोटींत एका बागाईतदाराच्या पन्नास पेट्या आंबा होता व पलीकडे व्यापाऱ्याची मालमोटार उभी होती. मध्यावर आल्यावर इंजीन धापा टाकूं लागलें व बंद पडलें. ओहोटी लागली होती. पाहतां पाहतां बोट वाळूच्या दांड्यावर बसली. भरती येईपर्यंत आम्ही सहा तास उन्हांत बसून होतों. व्यापारी वाट पाहून निघून गेला आणि त्या बागाईतदारानें दुसऱ्या दिवशीं तो माल निम्म्या भावानें घातला. तो मला एवढेंच म्हणाला, "भाऊसाहेब, झाडावर वर्षभर सांभाळलें आणि पाव कोसाच्या पाण्यावर घालविलें." मक्तेदारास मीं दुरुस्ती कां केली नाहीं म्हणून विचारलें, तेव्हां त्यानें आपली वही पुढें टाकली. मी कारकून माणूस, वही वाचल्यावांचून राहवलें नाहीं. उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक पैसा डिझेलांत जात होता. खलाशांचे पगार व मक्त्याची रक्कम वजा जातां दुरुस्तीस कांहींच उरत नव्हतें. दोष माणसाचा थोडा होता व तेलाचा जास्त. तेव्हांपासून, तेलावांचून तर चालेल काय, हा प्रश्न मनांत घर करून राहिला.

उत्तर मला केरळांत मिळालें. कोट्टायम जिल्ह्यांत वेंबनाड सरोवराच्या कांठीं वायकोम नांवाचें गांव आहे. देवळाच्या भोंवतालच्या रस्त्यांवरून सर्वांना चालतां यावें म्हणून १९२४–२५ सालीं जो सत्याग्रह झाला, तो याच गांवीं. महात्मा गांधी १९२५ च्या मार्चमध्यें येथें आले ते बोटीनेंच. समोरच्या तीरावर आलप्पुळा जिल्ह्यांतील तवणक्कडवु हें ठिकाण आहे. 'कडवु' म्हणजे मल्याळी भाषेंत तरीचा उतार. दोहोंमध्यें सुमारें अडीच किलोमीटर पाणी. या पाण्यावर १२ जानेवारी २०१७ रोजीं राज्याच्या जलवाहतूक खात्यानें 'आदित्य' नांवाची बोट सुरू केली. सूर्यशक्तीवर चालणारी उतारूंची तर म्हणून आपल्या देशांतील ती पहिली. ती बांधणारी मंडळी कोचीचीच असून तिचे मुख्य योजक संदित तंडाशेरी हे मद्रासच्या आय. आय. टी. मधून नौकाबांधणीची विद्या शिकलेले गृहस्थ आहेत.

मी सेवानिवृत्त झाल्यावर दक्षिणेकडे यात्रेस गेलों असतां मुद्दाम वाट वांकडी करून या बोटींत बसलों. पहिली गोष्ट लक्षांत आली ती ही, कीं शेजारच्या उतारूशीं ओरडून बोलावें लागत नाहीं. फळ्या थरथरत नाहींत, तेलाचा वास नाहीं, कपड्यांवर काजळी नाहीं. बोट धक्क्यापासून सुटली हें मला कांठ मागें सरूं लागल्यावर समजलें. शेजारीं एक नारळबागवाले गृहस्थ होते. मोडक्या हिंदींत ते म्हणाले, कीं पूर्वीं पलीकडे पोहोंचेपर्यंत डोकें दुखूं लागे, आतां वर्तमानपत्र वाचून होतें.

आतां हिची रचना पाहूं. बोट वीस मीटर लांब व सात मीटर रुंद असून तींत ७५ उतारू बसतात. खालीं एकच पोट नसून दोन सडपातळ नळ्यांसारखीं पोटें शेजारीं शेजारीं जोडलेलीं आहेत. अंग लाकडाचें वा लोखंडाचें नसून कांचतंतूंचें, म्हणून हलकें. छपरावर सूर्याच्या उजेडाची वीज करणारीं पॅनेलें आहेत, त्यांची शक्ति २० किलोवॅट. वीस-वीस किलोवॅटच्या दोन विजेच्या मोटारी पंखे फिरवितात आणि वीज साठविण्यास ५० युनिटांची लिथियमची बॅटरी आहे. दिवसाच्या बावीस फेऱ्या, व एका फेरीस सुमारें पंधरा मिनिटें.

यांत खरी युक्ति सूर्यांत नाहीं, ती वेगांत व वजनांत आहे. पाण्यावर चालणाऱ्या नावेचा असा स्वभाव आहे, कीं वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति दुप्पट लावून भागत नाहीं. ती जवळ जवळ आठपट लावावी लागते. वेळ निम्मा लागला तरी त्या फेरीस वीज चौपट खर्च होते. बैलास धांवडवून नांगर ओढविला तर तो दुपारीं बसतो व संथ चालविला तर सगळें शेत नांगरून देतो, तसाच हा प्रकार. 'आदित्य' तासाला सुमारें दहा किलोमीटर चालते, अधिक नाहीं. हलकें अंग, सडपातळ पोट आणि संथ चाल या तिहींमुळें तिला इतकी थोडी शक्ति पुरते, कीं छपरावरच्या पॅनेलांनीं तिचें बहुतेक पोट भरतें.

कारकुनी संवयीनें तिचा रोजचा जमाखर्च मांडून पाहतों. बावीस फेऱ्या, प्रत्येकी पाव तास, म्हणजे चालण्याचे साडेपांच तास. तासाला १६ ते २० युनिटें धरलीं तर दिवसाचा खर्च ९० ते ११० युनिटें. जमेच्या बाजूस, २० किलोवॅटचीं पॅनेलें आपल्या देशाच्या उन्हांत सरासरी दिवसाला ८० युनिटें देतात असें धरावें. तूट राहिली ती दहा ते तीस युनिटांची. ती रात्रीं धक्क्यावरील विजेच्या जोडणींतून भरून काढावयाची. युनिटास आठ रुपये पडले तरी हा खर्च दिवसाला अडीचशें रुपयांच्या आंत राहतो. या बोटीनें पहिल्या तीन वर्षांत सुमारें एक लाख लिटर डिझेल वांचविलें. म्हणजे रोजचें नव्वद लिटर. लिटरास नव्वद रुपये भाव धरला तर तेलाचा रोजचा खर्च आठ हजारांवर गेला असता. आठ हजारांच्या जागीं अडीचशें, हा फरक कोणासही समजण्यासारखा आहे. शिवाय एक लिटर डिझेल जळलें कीं अडीच किलोहून अधिक कर्बवायु हवेंत जातो; या हिशेबानें तीन वर्षांत अडीचशें टनांहून अधिक वायु हवेंत जावयाचा राहिला.

हें कांहीं कालचें खूळ नव्हे. रशियांत १८३८ च्या सुमारास याकोबी नांवाच्या शास्त्रज्ञानें नेवा नदीवर माणसें बसवून विजेची नाव चालवून दाखविली होती, आणि १८८१ सालीं गुस्ताव त्रूवे या फ्रेंच कारागिरानें पारीस शहरीं सेन नदीवर तसाच प्रयोग केला. वीज साठविण्याचीं साधनें त्या काळीं फार जड होतीं म्हणून पुढें तेलानें बाजी मारली. त्याच त्रूवेच्या नांवानें विजेच्या नावांना जीं पारितोषिकें दिलीं जातात, त्यांत २०२० सालीं आपल्या 'आदित्य'ला उतारू बोटींच्या वर्गांत मान मिळाला.

वायकोमच्या उत्तरेस कोची शहराभोंवतीं हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर अमलांत आली आहे. तेथें एप्रिल २०२३ मध्यें 'वॉटर मेट्रो' सुरू झाली. कोचीच्या जहाजकारखान्यांत बांधलेल्या, शंभर उतारूंच्या, विजेवर चालणाऱ्या बोटी बेटांना शहराशीं जोडतात; मूळ योजना ७८ बोटींची व ३८ धक्क्यांची आहे. पहिल्या सहा महिन्यांतच दहा लाखांवर उतारूंनीं तींतून प्रवास केला. बेटावरील माणसाची हांक शहरास ऐकूं येऊं लागली, ती अशी.

आतां कास्तकारानें विचारावें, कीं बोटीचा धूर कमी झाला तर माझ्या शेताचें काय भलें झालें? उत्तर पाण्यांत आहे. वायकोमच्या दक्षिणेस कुट्टनाड नांवाचा भातशेतीचा मुलूख आहे. तेथें बांध घालून, पाणी उपसून, समुद्रसपाटीच्या खालीं भात पिकवितात. २०१३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें या शेतीपद्धतीस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. कोचीजवळच्या खाजणांत पावसाळ्यांत 'पोक्काळी' नांवाचें खारें पाणी सोसणारें भात व उरलेल्या दिवसांत कोळंबी, असें दुहेरी पीक घेतात. या सर्वांचें पाणी एकच. ज्या पाण्यावर बोटीच्या तळांतलें तेलकट पाणी तरंगतें, तेंच भरतीबरोबर बांधाच्या उघाडींतून शेतांत शिरतें. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरला म्हणजे त्याखालीं हवा नीट मिसळत नाहीं आणि माशांचीं व कोळंबीचीं अंडींपिल्लें आधीं मरतात. आपल्याकडे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गांतील खारभूमीची गोष्ट याहून निराळी नाहीं. खारबंदिस्तीसाठीं १९७९ सालीं आपल्या राज्यानें स्वतंत्र कायदा केला. पनवेलच्या संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनींत तग धरणाऱ्या भाताच्या जाती काढून दिल्या. इतक्या कष्टानें राखलेल्या जमिनीच्या दाराशीं तेल तरंगूं देणें शहाणपणाचें नव्हे.

"आमच्या गांवीं वीजच धड नाहीं, तेथें बोट कशी भरावी?" ही शंका योग्य आहे, आणि ती नॉर्वेच्या लोकांनाही आली होती. त्या देशांत सोन्ये नांवाच्या खाडीवर २०१५ पासून 'ॲम्पिअर' ही मोटारगाड्या वाहून नेणारी बोट केवळ विजेवर चालूं लागली. पलीकडचा कांठ सुमारें पावणेसहा किलोमीटर दूर. बोटींत १२० गाड्या व ३६० माणसें मावतात. दोन्ही बाजूंस लहान गांवें, तारा बारीक. बोट एकदम वीज ओढूं लागली तर गांवांतले दिवे मंदावणार. म्हणून त्यांनीं दोन्ही धक्क्यांवर एकेक मोठी बॅटरी बसविली. ती दिवसभर गांवच्या तारेंतून थेंब थेंब वीज घेऊन भरत राहते व बोट येतांच थोडक्या मिनिटांत तिला देते. विहिरीस झरा बारीक असला तर आपण हौद बांधतों व मग पाटानें पाणी सोडतों. तीच ही युक्ति. आपल्याकडे तर धक्क्याच्या छपरावर उन्हाची वीज मिळते, ती नॉर्वेंतील हिवाळ्यांत मिळत नाहीं.

एकीच बाजू सांगणें बरें नव्हे, म्हणून दोषही सांगतों. एका लिटर डिझेलापासून पंख्यास जेवढें काम मिळतें, तेवढें मिळण्यास पंचवीस-तीस किलो वजनाची बॅटरी लागते. म्हणून दूरच्या दर्यांत जाळें टाकावयास जाणाऱ्या मोठ्या नावेस, किंवा जड माल घेऊन बंदरोबंदर फिरणाऱ्या जहाजास ही रीत आज लागू पडणार नाहीं. ठरलेला मार्ग, थोडें अंतर, शांत पाणी व दर फेरीस हक्काचा धक्का, हीं जेथें आहेत तेथेंच ती शोभते. दुसरें, पावसाळ्यांत सूर्य दिवसेंदिवस दिसत नाहीं. त्या दिवसांत बहुतेक वीज कांठावरूनच घ्यावी लागणार, आणि ती कोळशाची असेल तर धूर गांवांतून गेला तरी देशांतून गेला नाहीं. तिसरें, खारी हवा विजेच्या जोडण्यांस खाते. बॅटरी नीट न राखल्यास आगीचें भय असतें, आणि कांहीं वर्षांनीं ती बदलावी लागते. चौथें, जुना तांडेल इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगे. या बोटीचा रोग ऐकूं येत नाहीं, त्याला शिकलेला कारागीर जवळ हवा. या चारही गोष्टींचा खर्च आधींच वहींत मांडला पाहिजे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. समजा, आपल्या खाडीवरील एक लहान तर रोज पंधरा लिटर तेल खाते व वर्षांतून तीनशें दिवस चालते. नव्वदच्या भावानें वर्षाचे चार लाख पांच हजार रुपये झाले. त्या जागीं विजेची बोट आली. विजेस पंचवीस हजार गेले, नव्या बॅटरीसाठीं दर वर्षी पन्नास हजार बाजूस टाकले, तरी तीन लाख तीस हजार वांचतात. अशी बोट साध्या बोटीपेक्षां वीस लाखांनीं महाग पडली असें धरलें, तर तो जादा पैसा सहा वर्षांत फिटतो. त्यानंतरची सर्व बचत गांवाची.

पण मीं पाहिलेले मक्ते थोड्या मुदतीचे असत. ज्याला पुढच्या वर्षी ही तर आपल्याकडे राहील कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं, तो सहा वर्षांनीं फळणारें झाड कशाला लावील? खंडानें एका वर्षासाठीं जमीन घेतलेला माणूस तींत आंब्याचीं कलमें लावीत नाहीं, हें आपल्याहून अधिक कोणास ठाऊक आहे? तेव्हां तेलाची बोट आपल्या माथीं राहते ती मक्तेदाराच्या हट्टानें नव्हे, तर कराराच्या मुदतीमुळें. इतकीं वर्षें ते करार माझ्या हाताखालून गेले व ही गोष्ट मला नोकरी संपल्यावर उमजली, याची खंत वाटते.

म्हणून माझी सूचना अशी. ज्या गांवांची तर आहे, त्यांनीं ग्रामसभेंत ठराव करून मक्त्याची मुदत निदान आठ-दहा वर्षांची मागावी व बोट तेलाची नसावी अशी अट घालण्याचा आग्रह धरावा. दोन्ही तीरांच्या बागाईतदारांनीं सहकारी संस्था काढून तर स्वतःच घेतली तर अधिकच उत्तम. इर्जिक घालून एकमेकांचें शेत उरकणाऱ्या लोकांना हें अवघड नाहीं. पहिल्यानें मात्र एक वर्षभर तरीची वही ठेवावी: किती फेऱ्या, किती उतारू, किती पेट्या, किती तेल, किती दिवस बंद. बोट बांधणाऱ्यापुढें व सरकारी कचेरीपुढें ही वहीच बोलेल. कोरड्या तक्रारीस कचेरींत उत्तर नसतें. आंकड्यास द्यावें लागतें, हें मी अनुभवानें सांगतों.

आमच्या वाडवडिलांच्या वेळीं भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या आगबोटी कोंकणच्या बंदरोबंदर थांबत. त्या गेल्या, रस्ते आले, आणि पाण्याची वाट ही गरिबाची वाट म्हणून मागें पडली. परंतु पाण्यास खड्डे पडत नाहींत, त्यावर दर वर्षी डांबर घालावें लागत नाहीं व जमीनही संपादन करावी लागत नाहीं. पाणी आपलें, ऊन आपलें. विकत आणावें लागतें तें तेल तेवढें परक्याचें आहे. तो बागाईतदार आज हयात नाहीं. त्याचा मुलगा अद्याप त्याच खाडीवरून आंबा पाठवितो व त्याच धुरांत उभा राहतो. त्याच्या मुलास तरी पेट्या घेऊन, वर्तमानपत्र वाचीत, पलीकडे जातां यावें, एवढ्याच इच्छेनें हे चार शब्द लिहिले आहेत.